खरेदी साहेबांची, नारळ मॅनेजरला

2008 चा ऑगस्ट संपायला एक-दोन दिवस होते. न्यूकॅसल युनायटेडचे मॅनेजर केविन कीगन यांना क्लबचे कार्यकारी संचालक डेनिस वाइज यांचा फोन आला. इग्नासियो गोन्झालेस नावाचा भारी खेळाडू मिळतोय, बघून घ्या. कीगननी इंटरनेटवर शोधलं, धड काही हाती लागेना. वाइजना पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं, यूट्यूबवर बघा. कीगननी तेही केलं. त्या तुकड्यांवरून प्रीमियर लीगसाठी खेळाडू निवडणं शक्यच नव्हतं. क्लबमधल्या एकाही माणसानं त्याला मैदानावर खेळताना पाहिलेलं नव्हतं. कीगननी वाइजना नाही म्हणून सांगितलं, त्यांच्या वरच्या साहेबांनाही सांगितलं. खेळाडू आला.

का आला? दक्षिण अमेरिकेतल्या दोन वजनदार एजंटांना खूश ठेवायचं होतं म्हणून. त्याच्या पगारापोटी जवळपास 10 लाख पौंड जाणार होते. गोन्झालेस न्यूकॅसलकडून दोनदा खेळला, दोन्ही वेळा बदली म्हणून.

कीगन 4 सप्टेंबरला राजीनामा देऊन बाहेर पडले आणि प्रकरण लवादाकडे गेलं. तिथे क्लबनं केलेला बचाव वाचून आजही संताप येतो. खेळाडूंच्या बाबतीत अखेरचा शब्द कीगनचाच, असं क्लबनं पत्रकारांना आणि चाहत्यांना वारंवार सांगितलं होतं. लवादापुढे क्लबचं म्हणणं असं की, ते फक्त लोकांना सांगण्यापुरतं होतं, खरं नव्हतं. आम्ही खोटं बोललो होतो, हाच यांचा बचाव! ऑक्टोबर 2009 मध्ये निकाल कीगनच्या बाजूनं लागला आणि क्लबला 20 लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली. तोवर न्यूकॅसल प्रीमियर लीगमधून खाली घसरलं होतं. शनिवारच्या शनिवार पदरमोड करून स्टेडियममध्ये जाणाऱ्या माणसाला भरपाई कोणी दिली नाही.

कीगनच्या आदल्याच दिवशी वेस्ट हॅमचे ॲलन कर्बिशलीही असेच बाहेर पडले. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, हे मॅनेजर ठरवेल असं त्यांच्या करारात कलम होतं. तरीही अँटन फर्डिनंड आणि जॉर्ज मॅकार्टनी हे दोन बचावपटू त्यांच्या संमतीशिवाय संडरलंडला विकले गेले. कर्बिशलीही लवादात जिंकले. करारात लिहिलेलं पाळलं जावं म्हणून मॅनेजरला आधी नोकरी सोडावी लागते आणि मग वर्षभर भांडावं लागतं.

फुटबॉल क्लबमध्ये सत्ता मॅनेजरकडे असावी की मालकाच्या माणसांकडे, यावर इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. माझं म्हणणं त्या वादापेक्षा साधं आहे. सत्ता कोणाकडेही द्या, पण खेळाडू ज्यानं आणला त्यानं लोकांसमोर यावं, आणि खरेदी फसली तर नारळही त्यालाच मिळावा.

साहेबांच्या हाती सगळं दिलं की काय होतं, हे इंग्लंडनं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय. अनेक क्लबांत संघ निवडायचे ते संचालक. कोणी व्यापारी, कोणी कारखानदार, स्टँडमध्ये बसून अकरा जणांची नावं ठरवायचे. मॅनेजर हर्बर्ट चॅपमननी आधी हडर्सफील्डमध्ये आणि 1925 नंतर आर्सेनलमध्ये ही प्रथा मोडून काढली. राष्ट्रीय संघात तर ही प्रथा 1962 पर्यंत टिकली. वॉल्टर विंटरबॉटम सोळा वर्षं इंग्लंडचे मॅनेजर होते, पण संघ निवडायची समिती. हरल्यावर टीका मात्र विंटरबॉटमवर. त्यांच्या जागी आलेल्या आल्फ रॅम्सींनी अट घातली की संघ मी एकटा निवडणार. 1966 साली इंग्लंडनं वर्ल्ड कप जिंकला. त्यानंतर जिंकलेला नाही.

मॅनेजरला मोकळं रान द्या आणि गप्प बसा, असंही मी म्हणणार नाही. जॉर्ज ग्रॅहमनी आर्सेनलला दोनदा लीग जिंकून दिली. खेळाडूंची खरेदी त्यांच्या हातात होती. नॉर्वेच्या एका एजंटाकडून त्यांनी 4,25,000 पौंड घेतल्याचं उघड झालं, 1995 च्या फेब्रुवारीत क्लबनं त्यांना काढलं आणि पुढे त्यांच्यावर वर्षभराची बंदी आली. त्याच आर्सेनलचे पुढचे मॅनेजर आर्सेन वेंगर हा तर सचोटीचा माणूस. पण 2007 साली उपाध्यक्ष डेव्हिड डीन क्लबमधून गेले आणि वेंगरना तोंडावर नाही म्हणणारं कोणी उरलं नाही. फुटबॉल डायरेक्टर म्हणजे काय हेच मला कळत नाही, असं ते 2017 साली जाहीरपणे म्हणाले. वर्षभरात त्यांना जावं लागलं. 2004 नंतर लीग त्यांच्या हाती लागलीच नव्हती. एकाच माणसाच्या डोक्यात सगळा क्लब ठेवला की तो माणूस थकला तशी क्लबलाही धाप लागते.

आणि मँचेस्टर युनायटेड. इथे मला थांबावंच लागेल.

ॲलेक्स फर्ग्युसन 1986 च्या नोव्हेंबरमध्ये आले. पहिली ट्रॉफी मिळाली 1990 साली. मधल्या साडेतीन वर्षांत त्यांना हाकला म्हणून स्टेडियममध्ये फलक लागले, पण चेअरमन मार्टिन एडवर्ड्स आणि संचालक ठाम राहिले. पुढच्या तेरा लीग विजेतेपदांचं श्रेय फर्ग्युसनना जातं आणि ते योग्यच आहे. थोडं श्रेय त्या साडेतीन वर्षांच्या धीरालाही आहे, आणि ते साहेबांचं आहे. हे कबूल करायला मला आनंद वाटतो.

2013 च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल एकदमच गेले. व्यवहार जाणणारा एकही माणूस मागे उरला नाही. नवे मॅनेजर डेव्हिड मोयेसना सहा वर्षांचा करार दिला. मारुआन फेलेनीला ठरलेल्या कमी रकमेत सोडवण्याची मुदत जुलैअखेर संपली, ती युनायटेडनं जाऊ दिली. मग खेळाडू-खरेदीच्या विंडोच्या शेवटच्या दिवशी त्याच फेलेनीला 2 कोटी 75 लाख पौंड मोजून आणलं. त्या उन्हाळ्यातली ती एकमेव मोठी खरेदी. मोयेस दहा महिन्यांत गेले. वाटाघाटी करणारे एड वुडवर्ड त्यानंतर सात-आठ वर्षं खुर्चीवर होते.

लुई व्हान गाल यांनी एफए कप जिंकला, दोन दिवसांत त्यांना काढलं. जोझे मोरिन्यो आले-गेले, ओले गुन्नार सोल्शार आले-गेले. 2024 च्या जुलैमध्ये एरिक टेन हाग यांचा करार वाढवला, उन्हाळ्यात खेळाडूंवर अमाप पैसा ओतला, आणि ऑक्टोबरमध्ये टेन हागना नारळ. ज्यांना आणण्यासाठी न्यूकॅसलशी महिनोन्‌महिने घासाघीस केली आणि भरपाई मोजली, ते क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत बाहेर. या दोघांच्या पाठवणीचा खर्च सुमारे 1 कोटी 45 लाख पौंड. त्याच सुमारास खर्च झेपत नाही म्हणून क्लबनं 250 जणांच्या नोकऱ्या काढल्या, आणि 2025 च्या सुरुवातीला आणखी दीडदोनशे जणांवर कुऱ्हाड येणार असं जाहीर केलं. कर्मचाऱ्यांचं दुपारचं फुकट जेवण बंद केलं. साहेबांचा निर्णय चुकला आणि त्याची किंमत तिकीट खिडकीवरच्या, कँटीनमधल्या माणसांनी मोजली. हे मला खेळातल्या कुठल्याही पराभवापेक्षा जास्त लागतं.

मग रुबेन अमोरिम. हा माणूस तीन बचावपटूंची मांडणी खेळवतो, हे लिस्बनमधल्या रिक्षावाल्यालाही माहीत होतं. संघात त्या मांडणीचे खेळाडू नव्हते. तरी त्यालाच आणलं, भर हंगामात. संघ लीगमध्ये पंधरावा आला. करारात त्याचं पद मॅनेजरचं नव्हतं, हेड कोचचं होतं. 4 जानेवारी 2026 ला लीड्सशी बरोबरी झाल्यावर तो पत्रकारांना सांगून बसला की मी इथे मॅनेजर व्हायला आलोय, नुसता कोच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. त्याला निवडणारे वरचे साहेब त्या दिवशी आपापल्या खुर्चीत होते.

टॉटनहॅमचं वेगळं सांगायला नको. चेअरमन डॅनियल लेव्हींनी 2021 साली लीग कपच्या फायनलला सहा दिवस असताना मोरिन्योंना काढलं आणि 29 वर्षांच्या रायन मेसनच्या हाती संघ दिला. फायनल हरले. 2025 साली अँज पोस्टेकोग्लूंनी सतरा वर्षांनी ट्रॉफी आणली, सोळा दिवसांत तेही घरी.

आता कोणी म्हणेल, मॅनेजरऐवजी फुटबॉल डायरेक्टरनं खेळाडू घ्यायचे ही पद्धतच वाईट. मुळीच नाही. 2017 साली लिव्हरपूलच्या युर्गन क्लॉप यांच्या मनात युलियान ब्रांट होता. क्लबची खरेदी पाहणारे मायकल एडवर्ड्स आणि त्यांच्या अभ्यासक मंडळींनी मोहम्मद सालाहचा आग्रह लावून धरला. क्लॉपनी ऐकलं, आणि हे लोक माझ्या कानीकपाळी ओरडत होते असं मोकळेपणानं सांगितलंही. ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनम आकडेवारी पाहून खेळाडू घेतात, छोट्या क्लबला त्यांनी 2021 साली प्रीमियर लीगमध्ये नेलं. तिथे येणाऱ्या कोचला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की खरेदी कोण करणार. कोणाला फसवलेलं नसतं.

जर्मनीत तर हे काम उघड्यावर चालतं. उली होनेस 1979 साली 27 व्या वर्षी बायर्न म्युनिकचे मॅनेजर झाले. तिथे मॅनेजर म्हणजे व्यवहार पाहणारा, खेळाडू घेणारा. कोच वेगळा. होनेस तीस वर्षं त्या पदावर होते आणि सामन्याला कोचच्या शेजारी बाकावर बसायचे. हरले की टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर स्वतः उभे राहायचे, लालबुंद होऊन भांडायचे. त्यांचं बोलणं अनेकदा पटायचं नाही. पण कोणाला जाब विचारायचा, हे म्युनिकच्या पोराटोरांना माहीत असायचं.

आपल्याकडेही याचा चटका बसलाय. 2020 च्या जानेवारीअखेर एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) तक्त्यात अव्वल होता आणि क्लबनं कोच सर्जियो लोबेरांना काढलं. साखळीतले तीन सामने शिल्लक होते. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेलं काम पार पाडलं, गोव्यानं लीग शील्ड जिंकलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. साहेबांचं बरोबर ठरलं, असं वाटावं अशी ही गोष्ट. पुढे वाचा. लोबेरा मुंबई सिटीत गेले. पाठोपाठ अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तादा फाल गेले, गोव्याचा लाडका मंदार राव देसाईही गेला. 2021 च्या उपांत्य फेरीत मुंबईनं गोव्याला पेनल्टीवर हरवलं आणि शील्ड आणि विजेतेपद दोन्ही नेलं. फायनल झाली ती गोव्यातच, फातोर्ड्याला. करोनामुळे गॅलरी रिकामी होती, नाहीतर मडगावच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं असतं. लोबेरांना काढण्यामागे क्लबची काही कारणं असतीलच. पण कोच हा पाना-पक्कडसारखा सुटा बदलता येतो, असं मानणाऱ्यांनी ती फायनल पुन्हा पाहावी. खेळाडूंचा जीव माणसावर बसलेला असतो.

मॅनेजरवर प्रीमियर लीगनं नियम घातलाय. 38 सामने, प्रत्येकाआधी पत्रकारांसमोर बसायचं, प्रत्येकानंतर पुन्हा बसायचं. आई आजारी असो, संघ पाच गोलांनी हरलेला असो. टाळलं तर दंड. हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावायला काय हरकत आहे? खेळाडू-खरेदीची विंडो वर्षात दोनदा बंद होते. बंद झाल्यावर आठवडाभरात प्रत्येक क्लबच्या फुटबॉल डायरेक्टरनं आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानं तासभर प्रश्न घ्यावेत. कोणाला घेतलं, कोणी सुचवलं, मॅनेजरची संमती होती का? वर्षातले फक्त दोन तास. मॅनेजरला काढलं तर त्या दिवशीही पत्रक पाठवून मोकळं होऊ नये, निर्णय घेणाऱ्यानं स्वतः यावं. असा नियम असता तर 2008 च्या सप्टेंबरमध्ये डेनिस वाइजना न्यूकॅसलच्या पत्रकारांसमोर गोन्झालेसचं नाव घेऊन बसावं लागलं असतं, आणि मला वाटतं तो करार झालाच नसता.

लीग हा नियम आपणहून करणार नाही, कारण लीग म्हणजे हेच वीस क्लब. तेव्हा काम आपल्याला करायचं आहे. पुण्यात, मुंबईत, पणजीत रात्री उशिरापर्यंत जागून या क्लबांचे सामने पाहणारे हजारो आहेत. या शनिवारी तुमचा संघ हरला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅनेजरला हाकला असं लिहावंसं वाटलं, तर दोन मिनिटं थांबा. मैदानावरचे ते अकरा जण कोणी विकत घेतले ते शोधा, आणि ते नाव लिहा.