पालिका पगारवाढीचे पंचांग

महापालिका कर्मचाऱ्याचा पगार ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत मिळतो, पण तो ठरायला सुरुवात होते दिल्लीत. केंद्र वेतन आयोग नेमते, राज्य त्यावर आपली समिती बसवते, नगरविकास विभाग पालिकांना परवानगी देतो आणि शेवटी पालिका ठराव करून तिजोरीत डोकावते. सातव्या वेतन आयोगाने अहवाल दिला नोव्हेंबर 2015 मध्ये. राज्याने बक्षी समिती नेमून डिसेंबर 2018 मध्ये, लोकसभा तोंडावर असताना, शिफारशी स्वीकारल्या. पालिकांना हिरवा कंदील मिळाला ऑगस्ट 2019 मध्ये. ऑक्टोबरात विधानसभेचे मतदान होते. यावरून कुणी भलता निष्कर्ष काढू नये. महाराष्ट्रात कोणताही निर्णय कधीही घेतला तरी एखादी निवडणूक जवळ असतेच. अपवाद फक्त महापालिकेच्या निवडणुकीचा.

कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. मतदान झाले जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. प्रस्ताव आयुक्तांनी मांडायचा, स्थायी समितीच्या वतीने प्रशासकांनी तपासायचा, महासभेच्या वतीने प्रशासकांनीच मंजूर करायचा. एकाच खुर्चीत इतके एकमत महासभेच्या इतिहासात कधी दिसले नव्हते.

पगारवाढीचे मुख्य प्रकार तीन. पहिली वार्षिक वेतनवाढ. ती मूळ वेतनाच्या 3 टक्के असते. सर्वांत खालच्या एस-1 स्तरावर 15,000 रुपयांचे 3 टक्के 450 होतात; बेरीज शंभराच्या पटीत धरली की 15,500. ही वाढ जानेवारीत किंवा जुलैत ठरल्या तारखेला, न मागता मिळते. त्यामुळे तिचे श्रेय कुणीच घेत नाही.

दुसरा महागाई भत्ता. केंद्राची वाढ जानेवारी आणि जुलैपासून लागू होते, जाहीर मात्र काही महिन्यांनी होते. राज्य आणखी थांबते, पालिका राज्याकडे पाहते. कांदा महागल्याची खबर बाजाराला त्याच दिवशी कळते. पगारपत्रकाला ती फरकाच्या रूपाने कळते.

तिसरा प्रकार सानुग्रह अनुदानाचा. बोलीभाषेत तो दिवाळीचा बोनस. हा कायद्याने ठरत नाही, तारखेने बांधलेला नाही, म्हणूनच सर्वांत लोकप्रिय आहे. ठाण्यात तो 2023 मध्ये 21,500 रुपये होता, 2024 मध्ये 24,000 झाला. आधी कामगार संघटनांनी मोठा आकडा मागायचा, प्रशासनाने तिजोरीचे रडगाणे गायचे, मग नेत्यांनी मधला आकडा जाहीर करायचा, हा शिरस्ता. मुंबई पालिकेचा 29,000 रुपयांचा बोनस 15 ऑक्टोबर 2024 रोजी जाहीर झाला. त्याच दिवशी काही तासांनी विधानसभेची आचारसंहिता लागली. मुहूर्त साधणे याला म्हणतात.

या सगळ्यावर लगाम एकच: आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची राज्याची अट. ती पाळण्याचा राजमार्ग म्हणजे पदे रिक्त ठेवून काम ठेक्याने देणे. ठेकेदाराच्या माणसाने झाडलेला रस्ता तितकाच स्वच्छ होतो, पण त्याची मजुरी आस्थापना खर्चात दिसत नाही. त्या माणसाला वेतन आयोग नाही. किमान वेतन मिळाले तरी त्याने समाधान मानावे, अशी अपेक्षा असते.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा केंद्राने ऑक्टोबर 2025 मध्ये मंजूर केली, न्या. रंजना देसाई यांच्या या आयोगाला अहवालासाठी 18 महिने दिले आहेत. मागच्या वेळी अहवालापासून पालिकेपर्यंतच्या प्रवासाला पावणेचार वर्षे लागली. तोच वेग धरला, तर ठाणे आणि कल्याणच्या कर्मचाऱ्यांनी 2031 च्या सुमारास आस्थापना विभागात चौकशी करावी. त्याआधी जाऊन उपयोग नाही.