सुरक्षित ब्राउझर, बंद स्विच

नेटवर्क स्विच ही एकदा बसवून विसरून जायची वस्तू. दहा-पंधरा वर्षे तो बिनतक्रार चालतो आणि हाच त्याचा अक्षम्य गुन्हा ठरतो. कारण त्याची सेटिंग बदलायचे पान उघडते ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरला एका जागी स्वस्थ बसवत नाही. क्रोमने तर २०२१ मध्ये नव्या आवृत्तीची मुदत सहा आठवड्यांवरून चारवर आणली.

हे पान उघडेनासे होण्याच्या आजाराची सुरुवात जावापासून झाली. कमांड पाठ करायला नकोत, माऊसने टिचकी मारली की काम झाले, या आमिषाने अनेक कंपन्यांनी स्विच आणि फायरवॉलची पाने जावा अ‍ॅप्लेटवर उभारली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने अशी अ‍ॅप्लेट चालवणारे जुने प्लगइन कायमचे हद्दपार केले. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही फ्लॅश वगळता बाकीच्यांना नारळ दिला. मग १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द फ्लॅशच चालेनासे झाले. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला आणि ‘फक्त एक्सप्लोररमध्येच उघडावे’ अशी तळटीप असलेली पाने पोरकी झाली.

दुसरे दुखणे एन्क्रिप्शनचे. २०१५ मध्ये लॉगजॅम ही त्रुटी उजेडात आल्यावर ब्राउझरांनी कमकुवत डिफी-हेलमन किल्ल्या नाकारल्या. २०२० मध्ये टीएलएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्यांनाही दार बंद झाले. सुरक्षेच्या दृष्टीने हे बिनतोडच. गंमत पुढे आहे. पत्त्यातील ‘एचटीटीपीएस’मधला शेवटचा ‘एस’ खोडला, की अनेक उपकरणांचे तेच पान निमूटपणे उघडते. जुने कुलूप ब्राउझरला खपत नाही. कुलूपच नसेल तर मात्र तो ‘सुरक्षित नाही’ एवढे कोपऱ्यात पुटपुटतो आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड उघड्यावरून जाऊ देतो.

उत्पादकाकडे विचारणा केल्यास ‘हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही’ असे नम्र उत्तर आणि नव्या मॉडेलचे कोटेशन मिळते. कधी नवे फर्मवेअर असतेही. ते चढवायचे मात्र त्याच न उघडणाऱ्या पानावरून.

यावर सर्व्हर रूममधला सर्वमान्य उतारा म्हणजे विंडोज एक्सपीचा एक जुना लॅपटॉप. त्यावर जुना एक्सप्लोरर, जुनी जावा आणि ‘अपडेट करू नये’ अशी चिठ्ठी. अशा रीतीने संस्थेच्या फायरवॉलची किल्ली संस्थेतल्या सर्वांत असुरक्षित संगणकाच्या स्वाधीन होते आणि सुरक्षेचे वर्तुळ पूर्ण होते.

या सगळ्या धामधुमीत, स्विचला थेट जोडून कमांड द्यायच्या कन्सोल केबलचे काहीही बिघडलेले नाही. सेकंदाला ९६०० बिटांच्या तिच्या संथ चालीत कोणताही ब्राउझर खोडा घालू शकत नाही. तेव्हा खरेदी करताना आधी कन्सोल पोर्ट आहे का ते पाहावे, मग फर्मवेअर किती वर्षे मिळेल ते लेखी घ्यावे. देखण्या वेबपानाचे कौतुक त्यानंतर, ते उघडत असेपर्यंत करावे.