कागद वेशीवर टांगा

माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जोडपत्र ‘अ’ भरायचं. आधी नाव, मग पत्ता, मग हवी असलेली माहिती. दुपारी अर्ज टेबलावर जातो आणि संध्याकाळी अर्जदाराला कंत्राटदाराचा फोन येतो, ‘‘भाऊ, नेमकं काय हवंय तुम्हाला?’’

पत्ता विचारलेला असतो कागद पाठवण्यासाठी. त्या पत्त्यावर माणसं पाठवली जातात.

हा फोन आलेला एक तरी माणूस तुमच्या गावात असेलच. पाणंद रस्त्याचा खर्च विचारणारा, घरकुलांची यादी मागणारा, वाळूच्या गाड्या मोजणारा. त्याला अर्जाचं उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं. धमकी त्याच्या आधी मिळते. या देशात सगळ्यात वेगाने फिरणारी सरकारी माहिती कोणती? माहिती विचारणाऱ्याचं नाव.

अभियंते सत्येंद्र दुबेंनी हेच ओळखलं होतं. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी 2002 मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर गेलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळी घालण्यात आली. सीबीआय म्हणाली, लुटारूंनी मारलं. घरच्यांना ते पटलं नाही. पण नाव फुटलं होतं, यावर कोणाचंच दुमत नाही.

मग देश हळहळला. न्यायालयाने टोचल्यावर 2004 मध्ये सरकारने एक ठराव काढला. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करा, नाव गुप्त राहील. पुढे रीतसर कायद्याची मागणी झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचं विधेयक लोकसभेत 2011 च्या डिसेंबरात मंजूर झालं, राज्यसभेत 2014 च्या फेब्रुवारीत. मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली.

तो कायदा अजून लागू झालेला नाही.

पुन्हा वाचा. संसदेने केला, राष्ट्रपतींनी मान्य केला, राजपत्रात छापून आला. फक्त तो अमुक तारखेपासून अमलात येईल अशी अधिसूचना निघाली नाही. उलट 2015 मध्ये त्याला दुरुस्ती आली, कोणकोणत्या गोष्टींची तक्रार करताच येणार नाही याची यादी घेऊन. लोकसभेने ती मंजूरही केली. 2019 मध्ये ती बारगळली. कायद्याचे दात काढायची घाई होती, कायदा आणायची नव्हती.

आता आपल्या अंगणात या. तळेगाव दाभाडे, 13 जानेवारी 2010. सतीश शेट्टी सकाळी फिरायला बाहेर पडले होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. जिवाला धोका आहे म्हणून पोलीस संरक्षणही मागितलं होतं. मिळालं नाही. भर रस्त्यात हल्लेखोरांनी त्यांना कापून काढलं. तपास सीबीआयकडे गेला. 2014 मध्ये सीबीआयने तपास बंद करायचा अहवाल दिला, मग प्रकरण पुन्हा उघडलं. या खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही.

आणि ज्या पुढाऱ्याला गल्लीतलं कुत्रंही भुंकत नाही, त्याच्यामागे बंदूकधारी फिरतात. धोका कोणाला आहे, हे ठरवतं कोण? ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत वाळूउपसा राजरोस चालतो, तेच ठाणं अहवाल देतं की अर्जदाराच्या जिवाला धोका दिसून येत नाही.

कार्यकर्त्याला मारावंच लागतं असंही नाही. त्याच्यावर खंडणीचा गुन्हा टाका. अब्रुनुकसानीचा दावा ठोका आणि त्याला तालुक्यापासून लांबच्या कोर्टात तारखांना पळवा. तडीपारीची नोटीस काढा. बायकोच्या नोकरीबद्दल, भावाच्या दुकानाबद्दल तक्रारी करा. खुनाची बातमी होते. या छळाची होत नाही, म्हणून तोच जास्त वापरला जातो.

‘‘पण हे आरटीआयवाले ब्लॅकमेलर असतात हो!’’

असतात. काही जण नक्कीच असतात. अर्ज टाकायचा, पाकीट घ्यायचं, अर्ज मागे घ्यायचा, हा धंदा मांडून बसलेल्यांना आपण ओळखतो. त्यांच्यावर गुन्हे दाखल व्हायलाच हवेत. पण एक विचारा. ज्या कागदावर कोणी पैसे उकळू शकतो, तो कागद कपाटात का होता? रस्त्याचं मोजमाप पुस्तक आणि अदा केलेली बिलं कार्यालयाच्या फलकावर असती, तर खंडणी कशाची मागितली असती?

सगळी गोम इथेच आहे. माहिती एकाच माणसाच्या पिशवीत असते तेव्हाच त्या माणसाला किंमत येते. विकत घेण्याची किंवा संपवण्याची. तीच माहिती चावडीवर लागली की ब्लॅकमेलरचं दुकान बंद आणि मारेकऱ्याची सुपारीही फुकट.

हे काही क्रांतिकारक नाही. 2005 च्या कायद्यातलं कलम 4 हेच सांगतं: कोणी मागायच्या आधी, आपणहून जाहीर करा. 17 बाबी, 120 दिवसांत. ते 120 दिवस कधीच उलटले. कलम 4 पाळलं असतं तर निम्मे अर्ज पडलेच नसते.

केंद्रीय माहिती आयोगाला हे उमगलं होतं. 2011 मध्ये त्याने ठराव केला की अर्जदारावर हल्ला झाला, तर त्याने मागितलेली माहिती त्या खात्याला संकेतस्थळावर टाकायला सांगावी. खुन्याला याच्याइतका धसका दुसऱ्या कशाचाही बसणार नाही. ज्या कागदासाठी जीव घेतला तोच कागद जगजाहीर! हा ठराव देशभर कायद्याच्या ताकदीने राबवायला हवा होता.

झालं काय? 2017 मध्ये केंद्राने माहिती अधिकाराच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात लिहिलं होतं, अपील करणारा मरण पावला तर त्याचं अपील संपेल.

म्हणजे मारेकऱ्याने दार ठोठावायचं आणि सरकारने फाईल मिटायची! ओरड झाली ते बरं झालं.

पत्त्याचीही तीच कथा. अर्जात घरचा तपशीलवार पत्ता देण्याची गरज नाही, टपालपेटीचा क्रमांक पुरे, असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. किती तहसील कचेऱ्यांत तसा फलक लागलाय? आणि माहिती अधिकार वापरणाऱ्या साकेत गोखलेंचं काय झालं? त्यांच्या अर्जांसोबतचा खासगी तपशील केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर झळकला, धमक्या सुरू झाल्या. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला 25 हजार रुपये द्यायला लावले. कार्यकर्त्याचा पत्ता जाहीर करण्याची किंमत 25 हजार. तीही सरकारच्या खिशातून, म्हणजे तुमच्या-आमच्याच.

खुनानंतर न्याय मिळतो, असा कोणाचा समज असेल तर अमित जेठवांचा खटला वाचा. गीरच्या जंगलालगतच्या बेकायदा खाणींविरुद्ध ते लढत होते. 20 जुलै 2010 ला त्यांना गुजरात उच्च न्यायालयाच्या समोर गोळ्या घातल्या. 195 साक्षीदार तपासले, 105 फितूर झाले. फेरसुनावणीत, 2019 मध्ये माजी खासदारासह सात जणांना जन्मठेप झाली. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. चौदा वर्षांनी हिशेब काय? माणूस गेला, मारणारा कोणीच नाही.

महाराष्ट्राने पत्रकारांच्या संरक्षणासाठी 2017 मध्ये वेगळा कायदा केला, देशात पहिला. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिसेंच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. रिफायनरीच्या जमिनींच्या वादात ते लिहीत होते. ज्या माणसाविरुद्धची बातमी त्या दिवशी छापून आली होती, तोच आरोपी. खुनाचं कलम लागावं म्हणून पत्रकारांना रस्त्यावर यावं लागलं.

संयुक्त राष्ट्रांनी मानवाधिकार रक्षकांचा जाहीरनामा मंजूर केला तो 9 डिसेंबर 1998 ला. जगाचा भ्रष्टाचारविरोधी दिनही 9 डिसेंबरच. आणि बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना हाल हाल करून मारलं, तो दिवस होता 9 डिसेंबर 2024. पवनचक्की प्रकल्पाकडून मागितल्या जाणाऱ्या खंडणीच्या आड ते आले, असं तपास यंत्रणा सांगते.

सरकारी कार्यालयांत भ्रष्टाचार निर्मूलनाची शपथ मात्र घेतली जाते.

तेव्हा केंद्राने 2014 चा कायदा लागू करावा, एका अधिसूचनेचं काम आहे. राज्याने अर्जदारावरच्या हल्ल्यानंतर सात दिवसांत सगळी कागदपत्रं जाहीर करण्याचा नियम करावा. माहिती आयोगाने अपिलांचा ढीग उपसावा, कारण अपील पडून राहतं तितके दिवस अर्जदार एकटा उघड्यावर असतो. धोक्याचा अहवाल स्थानिक पोलीस ठाण्याकडून मागवू नये.

हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं? गावात कोणी रस्त्याचा हिशेब मागितला की ‘याला कशाला नसत्या उठाठेवी’ म्हणायचं थांबवायचं. त्याच रस्त्याचा, तोच प्रश्न, आपल्या नावाने विचारायचा. शेजाऱ्यालाही विचारायला लावायचा. एका अर्जदाराला गाठता येतं, पन्नासांना नाही. दहा रुपयांचा स्टॅम्प आहे. या सोमवारी लावा.