मेघराजास एक दरखास्त

राजमान्य राजश्री मेघराज, वस्ती सातपुड्याचे आकाश, यांचे सेवेसी.

चिखलदऱ्याच्या पठारावर टिनाखाली राहणाऱ्या एका इसमाचा कृतानेक नमस्कार. विनंती विशेष ही की, आषाढ-श्रावणात आपण धुके आणि पाऊस घेऊन आमच्या गावी मुक्काम ठोकता, त्याविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही. तक्रार आहे ती माघापासून वैशाखापर्यंत, म्हणजे हरभरा शेतात उभा असताना आणि घरावरची कवेलू फेरण्यास अद्याप अवकाश असताना, आपण ज्या गारा पाठविता त्यांविषयी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अवघ्या महाराष्ट्रावर आपण जो पराक्रम गाजविला, त्याचे पंचनामे सरकारी दप्तरात सुरक्षित आहेत. पिकांचे गाऱ्हाणे शेतकरी मांडतीलच. मी केवळ छपरापुरते बोलतो.

आपणांस आमच्या कायद्याची ओळख नसावी, एरवी आपण इतक्या बेधडकपणे बरसला नसता. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या 43 व्या कलमान्वये, ज्या दुरुस्तीने इमारतीच्या बाह्यरूपात लक्षणीय फरक पडत नाही तिला परवानगीची गरज नाही. याचा अर्थ असा की, आपण फोडलेले पातळ टिन काढून त्याच जागी तसेच पातळ टिन ठोकले, तर कोणी हरकत घेत नाही. पण आपल्या प्रकृतीचा मुलाहिजा राखून एखाद्याने तेथे सिमेंटचा स्लॅब टाकावयाचा म्हटले, की नकाशा, परवानाधारक अभियंत्याची सही, शुल्क आणि प्रतीक्षा या चारही धामांची यात्रा त्याच्या कपाळी येते. दुर्बलास मुक्तद्वार आणि सबलास चौकशी, हा न्याय ज्याने योजिला त्याला टिनाच्या व्यापाऱ्यांनी अद्याप मानपत्र कसे दिले नाही, हे मला कोडे आहे.

इमारतींवरील भारांसंबंधी 875 क्रमांकाचे भारतीय मानक आहे. त्याचा तिसरा भाग वाऱ्यासाठी, चौथा बर्फाच्या थरासाठी. गारेच्या नावाचा भाग मात्र त्यात नाही, तेव्हा आपला अनुल्लेख झाल्याबद्दल रोष मानू नये. अमेरिकेत आपला मान अधिक आहे. तेथील एका कसोटीत दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून छपराच्या नमुन्यावर एकाच जागी दोनदा टाकतात, आणि तडा न गेला तरच त्या मालास चौथी, म्हणजे सर्वोच्च, श्रेणी मिळते. आमच्याकडेही गोळे झेलणारी एक वस्तू छपरावर चढू लागली आहे, ती म्हणजे सौरपट्टी. 25 मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला 23 मीटर वेगाने अकरा ठिकाणी अंगावर घेऊन ती उत्तीर्ण होते, आणि सरकारी अनुदान हवे असेल तर ती बसविणाराही नोंदणीकृतच लागतो. तिच्या बाजूस उघड्या राहिलेल्या, अर्ध्या आयुष्याची पुंजी ज्याच्याखाली आहे त्या टिनाला मात्र कोणी एक खडाही मारून पाहिलेला नाही.

टिन बसविणाऱ्याचेही तसेच. घरात दिव्याची तार ओढणाऱ्यास परवाना लागतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात कंत्राटदारांचे वर्ग आहेत, पण ते सरकारी कामापुरते. आणि ज्याने आवळलेल्या हुकांवर आमचे मस्तक विसंबून आहे, त्या मिस्त्रीस दाखला विचारणारे कोणी नाही. माझी त्याच्यावर लोभदृष्टी आहे. वारा कोणत्या अंगाने शिरतो हे तो कैचीकडे एकदा पाहून सांगतो, परंतु अखेरीस तो विचारतो, “कोन्तं टिन टाकू जी, भारी का हल्कं?” आणि या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, माझा खिसा देतो. आसपासच्या कोरकू आदिवासींच्या ढाण्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, फुटलेली चार कवेलू उचलून दुसरी चार बसवितात आणि घर पूर्ववत होते. सिमेंटच्या पत्र्यास तडा गेला की अख्खा पत्राच उतरवावा लागतो. शहाणपण नेमके कोणत्या बाजूस आहे, याचा निवाडा मी तूर्त तहकूब ठेवतो.

आता मुख्य मागणी. आपत्तीच्या मदतीसाठी केंद्राने जे निकष ठरविले आहेत त्यांत गारपीट नावानिशी आहे. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरास 6500 आणि कच्च्या घरास 4000 रुपये मिळतात, परंतु पडझड किमान 15 टक्के असावी लागते. तेव्हा आपण एकतर मुळीच येऊ नये, अथवा आल्यास 14 टक्क्यांवर हात आखडता घेऊन आम्हांस भिजत आणि बिनभरपाईचे ठेवू नये. पंचनाम्यास येणाऱ्या गृहस्थाजवळ टक्का मोजण्याचे यंत्र नसते, तो मान वर करून अंदाज बांधतो. यास्तव भोके शक्यतो दारातून दिसतील अशी पाडावीत.

या पत्राचे उत्तर धाडावयाचे झाल्यास ते 25 मिलिमीटरांहून मोठे नसावे, आणि सौरपट्टीवरच पडावे. कळावे, लोभ असावा, पण मर्यादित असावा.

आपला,
टिनाखालचा एक इसम