गोल्फच्या हँडिकॅप नियमावलीस अहिल्यानगरचा अर्ज



2020 पासून जगभर लागू झालेली आपली पद्धत वाचून आमचा जिल्हा भारावून गेला आहे. खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्या घ्यायच्या, मैदान किती अवघड होते तेही हिशेबात धरायचे, त्यांतल्या उत्तम 8 ठेवायच्या आणि उरलेल्या 12 विसरून जायच्या. एखाद्या होलवर चेंडूंची रांग तळ्यात गेली, तरी नेट डबल बोगी या मर्यादेच्या पुढचे फटके धरायचेच नाहीत. एवढे दयाळू गणित आम्हाला शाळेत कोणी शिकवले नाही. तरी आमच्या जिल्ह्याला आपल्या छत्राखाली घ्यावे, ही विनंती.

पहिला दावा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेचा. 85 कसोटींत 144 डाव, 5077 धावा, सरासरी 38.46. पण 5077 ला 144 ने भागले तर उत्तर येते 35.26. फरक 12 नाबाद डावांचा. त्यांतल्या धावा वर मोजल्या जातात, डाव खाली मोजले जात नाहीत. 2015 मध्ये दिल्लीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिल्या डावात त्याने 127 केल्या, दुसऱ्यात नाबाद 100. त्या दुसऱ्या शंभर धावा भाजकाला न शिवता आत आल्या. म्हणजे 12 डाव गाळण्याची कला क्रिकेटलाही येते. फक्त आपण ते नियमात छापता, क्रिकेट गृहीत धरते. आणि या सवलतीचा मोठा वाटा जातो कोणाकडे? श्रीरामपूरच्या झहीर खानकडे पाहा. कसोटीत 127 डावांत 1231 धावा, म्हणजे डावामागे 9.69, 24 वेळा नाबाद राहिल्यामुळे सरासरी मात्र 11.95. रहाणेला नाबाद डावांनी नऊ टक्के दिले, झहीरला तेवीस. शेवटी येणाऱ्याचा जोडीदारच आधी बाद होतो, त्याला तो काय करणार?

यावर क्रिकेटपंडित म्हणतील, जो बाद झालाच नाही त्याचा डाव पुरा कसा धरायचा? आक्षेप रास्त आहे. ही सरासरी डावाची नाहीच, विकेटची किंमत आहे, आणि त्या कामापुरती ती चोख आहे. तक्रार आहे ती तिला फलंदाजाची योग्यता म्हणून चौकाचौकात वापरण्याबद्दल. आपण मैदानाला उतार-मानांकन देता. प्रमाण 113, सोपे मैदान त्याखाली, अवघड त्यावर. 2014 मध्ये लॉर्ड्सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर रहाणेने काढलेल्या 103 धावा, किंवा ॲडलेडला संघ 36 धावांत गारद झाल्यावर लगेच मेलबर्नला कर्णधार म्हणून काढलेल्या 112 धावा, यांना असे मानांकन कुठे आहे? 38.46 मध्ये त्या धावा पाटा खेळपट्टीवरच्या धावांच्याच भावाने गेल्या.

दुसरा दावा पावसाचा, आणि येथेच आपली पद्धत आम्हाला फार आवडेल. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, सह्याद्री पाऊस अडवतो. पूर्वेला पाथर्डी, जामखेड पर्जन्यछायेत. दोन्हींची मिळून जिल्ह्याची सरासरी निघते आणि ती कोणत्याच शिवारात पडत नाही. उत्तम 8 वर्षे ठेवून 12 वगळली की दुष्काळ कागदावरूनच हद्दपार! पीककापणीला गावातली उत्तम शेते तेवढी निवडली की पैसेवारी सहसा 50 पैशांच्या खाली यायचीच नाही. टँकरचा खर्च वाचेल.

आपण म्हणाल, आमची पद्धत खेळाडूची कुवत मोजते, रोजचा खेळ नव्हे. मान्य. दोन असमान खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे म्हणून कुवत शोधायची, तर उत्तम फेऱ्या घेणे बरोबरच आहे. टँकरची तजवीज करणाऱ्याला मात्र वाईट वर्षे हवीत, आणि विकेटची किंमत विचारणाऱ्याला बाद होण्याची संख्या. भागाकार सगळीकडे एकच असतो. वर काय घ्यायचे आणि खाली काय, हे ठरवणारा माणूस असतो. त्या निवडीला गणित म्हणून खपवले की हिशेब मागणाराच अडाणी ठरतो.

तेव्हा अर्जातला सवलतीचा भाग आपण खुशाल फेटाळा. पण काय गाळले ते उघड छापण्याची आपली शिस्त क्रिकेट मंडळांना, कृषी खात्याला आणि वृत्तपत्रांना उसनी द्या: जेथे सरासरी छापाल, तेथे तिचा भाजकही छापा.

आपला,
पर्जन्यछायेतला एक अर्जदार