काटकसरीच्या महामेरूस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान एच.२६४,
मुक्काम पोस्ट मेमरी कार्ड, कॅमेऱ्याच्या पोटात.

विषय : संकलनाच्या टेबलावरून सन्मानपूर्वक निवृत्ती स्वीकारण्याबाबत.

महोदय,

आयटीयू-टी आणि आयएसओ-आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांच्या संयुक्त प्रयत्नांतून २००३ साली, चलच्चित्र संक्षिप्त करण्याची पद्धत म्हणून, महोदयांचा जन्म झाला, आणि तेव्हापासून चलच्चित्रांच्या क्षेत्रात त्यांनी काटकसरीचा जो आदर्श घालून दिला आहे त्याला तोड नाही. १९२० गुणिले १०८० पिक्सेलांचे, सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र संक्षेप न करता साठवायचे म्हटले, तर रंगाचे तपशील आधीच छाटल्यावरही सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. २००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी या कॅमेरा-पद्धतीत महोदय तेवढेच चित्र २४ मेगाबिटांत बसवून दाखवतात आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागू देत नाहीत.

या किमयेचे रहस्य असे की महोदय प्रत्येक फ्रेम, म्हणजे चलच्चित्रातील प्रत्येक स्थिर चित्र, पूर्ण नोंदवतच नाहीत. खतावणीत महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळा तपशील मांडावा आणि पुढे पानोपान ‘वरीलप्रमाणे, फक्त अमुक वजा’ एवढेच लिहावे, त्याप्रमाणे साधारणपणे अर्ध्या-एक सेकंदाला एक फ्रेम संपूर्ण लिहिली जाते आणि तिला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या पी-फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपासून पडलेला फरक तेवढा असतो, आणि बी-फ्रेम तर मागच्याबरोबर पुढच्या फ्रेमचाही हवाला देते, म्हणजे अजून न उलटलेल्या पानाच्या भरवशावर आजची बाकी काढते. एका आय-फ्रेमपासून पुढच्या आय-फ्रेमपर्यंतच्या या गोतावळ्याला जीओपी, अर्थात चित्रसमूह, अशी संज्ञा आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ पाहत जाणाऱ्या प्रेक्षकाला ही व्यवस्था कधी जाचत नाही, आणि महोदयांची घडण मुळात त्याच प्रेक्षकासाठी झालेली आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवणे न्यायाचे होईल.

संकलक मात्र सरळ पाहत नाही. लग्नाच्या फुटेजमध्ये अंतरपाट खाली जाऊन वधूवरांची नजरानजर होते तो नेमका क्षण पकडायचा असेल, तर तो कीबोर्डावरची ‘जे’ कळ दाबून मागे जातो, ‘एल’ दाबून पुढे येतो, पुन्हा एखादी फ्रेम मागे सरकतो. आणि अशा प्रत्येक हालचालीत संगणकाला मागची आय-फ्रेम गाठून, तेथून पुढचे फरक क्रमाने उलगडत यावे लागते, तेव्हा कुठे हवी ती एक फ्रेम पडद्यावर येते. टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचे चित्रण एकावर एक ठेवले की हाच खटाटोप तिप्पट होतो, मंगलाष्टके पुढे निघून जातात आणि भटजींचे ओठ मागे राहतात. यावर स्टुडिओचा मालक घाईघाईने रॅम वाढवून घेतो, ज्याचा या दुखण्यावर फारसा गुण येत नाही, कारण येथे तुटवडा जागेचा नसून उलगडण्याच्या श्रमाचा असतो.

अक्षता उडतात तेव्हा तर महोदयांची झाकली मूठ उघडीच पडते. तांदळाचे शेकडो दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात, त्यामुळे ‘वरीलप्रमाणे’ लिहिण्याची सोय उरत नाही, आणि ठरलेल्या मेगाबिटांत सारे कोंबण्याच्या नादात शालूच्या जरीचे बारकावे पुसले जाऊन तेथे चौकोनी ठिगळे दिसू लागतात. ही हानी कॅमेऱ्यातच होऊन गेलेली असते आणि पुढील कोणत्याही उपचाराने ती भरून येत नाही.

उलगडण्याच्या खोळंब्यावर मात्र उपचार आहे, आणि तो अर्थातच रूपांतराचा. संकलनाला बसण्यापूर्वी फुटेज अशा मध्यस्थ कोडेकमध्ये, म्हणजे चित्र संक्षिप्त करण्याच्या आणि उलगडण्याच्या अशा पद्धतीत, बदलून घ्यावे की जिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे नोंदलेली असते. ॲव्हिडचे डीएनएक्सएचडी २००४ साली आणि ॲपलचे प्रोरेस २००७ साली याच हेतूने आले, आणि एफएफएमपेगसारख्या मोफत साधनानेही हे रूपांतर होते. त्याच वेळी मोबाइलच्या चित्रणातील कमीजास्त होणारा फ्रेमवेग सेकंदाला २५ वर स्थिर करून घेतला, तर आवाज आणि चित्र यांची फारकतही टळते. किंमत मोजावी लागते ती हार्ड डिस्कवर, कारण महोदयांच्या हिशेबाने सुमारे ११ गीगाबाइटमध्ये मावणारा एक तास प्रोरेस ४२२ मध्ये सुमारे ५५ गीगाबाइट व्यापतो.

या पाचपट फुगवट्यामुळे चित्र सुधारते अशी एक भाबडी समजूत रूढ आहे. कॅमेऱ्याने चार पिक्सेलांमागे रंगाची एकच नोंद केली असेल, तर रूपांतरामुळे रंगासाठी जागा दुप्पट होते, रंग मात्र होता तेवढाच राहतो. फाइलच्या नावातील ‘एमपी४’ खोडून ‘एमओव्ही’ लिहिणारे तर याहून धन्य होत; ही नावे वेष्टनाची आहेत आणि वेष्टन बदलल्याने आतले महोदय हलत नाहीत.

एवढी जागा परवडत नसेल त्याने प्रॉक्सीचा, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रतीचा, मार्ग धरावा, आणि हाच मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो : कमी आकाराची प्रत मूळ फाइलच्याच नावाने तयार करून तिच्यावर काटछाट करायची आणि शेवटी टाइमलाइन पुन्हा मूळ फुटेजशी जोडायची. ही शेवटची पायरी विसरली गेली की नवरीच्या माहेरी धूसर लग्न पोचते. महोदयांच्या वतीने असाही युक्तिवाद होईल की २०११ पासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत त्यांना उलगडणारी स्वतंत्र यंत्रणा बसलेली आहे, आणि ८ बिटांच्या साध्या फुटेजपुरता तो मान्यही करावा लागेल; परंतु महोदय १० बिटांचा, ४:२:२ रंगनोंदीचा भरजरी पोशाख घालून आले की यांतील बऱ्याच यंत्रणा त्यांना ओळख देत नाहीत आणि सारा भार पुन्हा मुख्य प्रोसेसरच्या माथी येतो.

तरी महोदयांनी कार्डावरून उतरताच मूळ प्रत म्हणून कपाटात विश्रांती घ्यावी आणि संकलन, रंगसंस्कार व ध्वनी यांचे काम उरकल्यावर, पाहुण्यांच्या मोबाइलवर पाठवायची अंतिम फाइल तयार करण्यासाठीच पुन्हा दर्शन द्यावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

प्रत माहितीसाठी : चिरंजीव एच.२६५ (जन्म २०१३). तीर्थरूपांचाच कित्ता अधिक चिकटपणे गिरवत असल्याने त्यांना स्वतंत्र पत्र धाडलेले नाही.