उणे साठ टक्के शास्त्रज्ञ

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाणी शून्याच्या खालीही मोजतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे आधी संशयाने आणि मग दयेने बघतो. पण त्यात गूढ काही नाही. उजनी धरणात एकूण मावतं सुमारे ११७ टीएमसी, त्यातलं साधारण ६४ टीएमसी मृतसाठ्यात धरलेलं. वरचं उपयुक्त पाणी संपलं की आकडा शून्यावर येतो आणि तिथून पुढे उणे सुरू होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या घरात जाऊन टेकला होता. मोहोळच्या स्टँडवर चहा पिताना कुणी विचारायचं, "उजनी किती?" उत्तर यायचं, "मायनस." मग विचारणारा निवांत बशीत चहा ओतून घ्यायचा. शून्याखाली गेलेलं काहीही आम्हाला फारसं भीतीचं वाटत नाही.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आणि शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. निवृत्त माणसाला गावात दोन वाटा असतात. सकाळी नागनाथाच्या देवळात जाऊन बसणं, किंवा कुठल्यातरी पतसंस्थेच्या पॅनेलमध्ये उभं राहणं. मी तिसरी काढली. मी नदी मोजायला घेतली.

यात गावाचाही थोडा दोष आहे. मोहोळच्या मातीतच संशोधन आहे. मालदांडी ज्वारीचं प्रसिद्ध ३५-१ वाण इथल्याच केंद्रात निवडून काढलेलं. अर्ध्या महाराष्ट्राच्या ताटात ज्या गावाची भाकरी, त्या गावच्या माणसाने नुसतं देवळात बसायचं?

सासुरवाडी सीना नदीच्या काठी. तिथल्या पुलावरून मी लग्नाच्या वरातीत गेलो होतो, त्यामुळे त्या पुलाशी माझे संबंध आधीच नाजूक. खाली वडकबाळला केंद्रीय जल आयोग सीनेचं पाणी रीतसर मोजतो, हे मला ठाऊक होतं. पण मेव्हण्याच्या मोटारीपुढचं पाणी कोण मोजणार? मी एक अल्ट्रासॉनिक सेन्सर मागवला, एक इवलासा संगणक, एक सिमकार्ड, आणि हे सगळं बायकोच्या प्रवासी डब्यात बसवलं. डब्याला शेंगाचटणीचा वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. तत्त्व सोपं. पुलाखालून यंत्र पाण्याकडे आवाज सोडतं, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. अंतर कमी झालं, म्हणजे पाणी वाढलं. दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढलं की काठच्या अकरा मोटारवाल्यांना आपोआप एसएमएस.

एप्रिलात सकाळी सहा वाजता मेव्हण्याने मला पुलाच्या कठड्यावरून धोतरासारखं धरून ठेवलं आणि मी डबा टांगला. खाली टिपूस नव्हता, नुसती वाळू. "दाजी, पाणीच नाय तर मोजायचं काय?" मेव्हण्याने विचारलं. मी म्हणालो, "शून्य." पुलापासून वाळूपर्यंत पाच मीटर. तोच माझा शून्य.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अकरा मोबाईल वाजले. "सीना: पाणी वाढत आहे."

आता ज्याची मोटार आठ महिने नदीकाठी धूळ खात पडलीय, त्याला असा संदेश आल्यावर तो काय करील? उजनी उणे असताना भीमा-सीना जोडकालव्यातून सीनेला पाणी कोण सोडणार, हा प्रश्न शहाण्याला पडेल. पण तहानेपुढे हिशेब चालत नाही. सातजण भर उन्हात नदीवर आले. एकाच्या खांद्यावर पाइप, एकाच्या हातात फुटबॉल. मोटारीच्या फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ही माणसं उन्हात सामना खेळायला निघाली असं वाटलं असेल. वाळूत उभं राहून सगळ्यांनी वर, डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जावई असल्यामुळे कुणी काही बोललं नाही. जावयाला शिव्या मनातल्या मनात द्यायच्या असतात, आणि त्या स्वच्छ ऐकू येतात.

पाणी आलं कुठून? रात्री दोन वाजता मला उत्तर सापडलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने. सकाळी चोवीस अंश, दुपारी बेचाळीस. आवाज जोरात गेला, लवकर परतला, आणि यंत्राला वाटलं वाळू वर आली. पाच मीटरमागे पंधराएक सेंटीमीटर. हे वाक्य मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. अनुनाद नलिकेच्या प्रयोगात तापमानाची नोंद विसरणाऱ्या पोरांचे दोन मार्क कापले होते. त्यातले दोघेजण त्या सातांत होते. एकाच्या हातात तो फुटबॉल होता.

तापमानाचा हिशेब यंत्रात घातला. तेव्हा संध्याकाळी नवाच पूर येऊ लागला. रोज सहाच्या सुमाराला सीना दोन फूट चढायची, पंधरा मिनिटं थांबायची आणि ओसरायची. तीन दिवस मी त्याचा आलेख काढला, भरती-ओहोटीशी त्याचं नातं लागतं का तेही तपासलं. समुद्र आमच्यापासून निदान अडीचशे किलोमीटर. चौथ्या दिवशी पुलावर जाऊन बसलो. धनगराच्या मेंढ्या पाण्याच्या शोधात पुलाखालून जात होत्या.

आणि एके रात्री एक ते चारच्या दरम्यान नदी दोन फूट खाली गेली. कोरडी नदी आणखी खाली कशी जाते? सकाळी पाहिलं तर पुलाखालचा वाळूचा उंचवटा नाहीसा झालेला आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे माग. माझ्या यंत्राने तोवर अचूक टिपलेली ही एकमेव घटना. वेळ, खोली, सगळं बिनचूक. मी ती नोंद पुसून टाकली. मेव्हणा म्हणाला, "शाना झालाव दाजी." एवढी शाबासकी सासुरवाडीत मला पुन्हा मिळाली नाही.

पाण्याची उंची झाली, आता वेग. नदीचा वेग मोजायचं खरं यंत्र म्हणजे शंकूच्या आकाराच्या सहा वाट्यांचं चक्र. ते पाण्यात धरायचं, फेऱ्यांचे टक-टक मोजायचे. विल्यम गन प्राइस या अमेरिकी अभियंत्याने १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि थोड्याफार फरकाने तेच आजही चालतं. पण किती टकटकीला किती वेग, हे कसं ठरवायचं? इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात यासाठी लांबच लांब हौद आहे. त्यात पाणी थांबलेलं असतं आणि यंत्रच ठरावीक वेगाने रुळांवरून ओढत नेतात. नदी स्वस्थ बसते, माणूस पळतो. निवृत्तीनंतर मला ही कल्पना जवळची वाटली.

मी सायकलच्या हबला आमटीच्या चार वाट्या वेल्ड करून घेतल्या. त्या बायकोच्या रुखवतातल्या निघाल्या, हे वेल्डिंग झाल्यावर कळलं. हौद म्हणून मेव्हण्याचं शेततळं. तीस मीटर लांब, आत काळं प्लास्टिक. वेळूच्या टोकाला यंत्र बांधून ते पाण्यात बुडवायचं आणि बांधावरून सारख्या वेगाने चालायचं, असा बेत. तळ्याच्या चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेले असतात. ते वेळूला अडकत होते म्हणून मी वर ओढून ठेवले.

ज्याला शेततळं ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. त्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, आणि एकदा आत गेलेला माणूस हातपाय मारून वर येत नाही. दोर कशासाठी असतात ते मला पाण्यात शिरल्यावर समजलं. मी वाट्यांना घट्ट धरून ओरडलो. मेव्हणा पळत आला, जवळ जे सापडलं ते, म्हणजे ठिबकची लॅटरल, फेकली. लॅटरल ताणते. तो ओढायचा, ती लांब व्हायची, मी तिथेच. "दाजी, पंख्याला धरू नका, नळीला धरा!" शेवटी तिघांनी मिळून दोर सोडला आणि मी बांधावर आलो. तोवर डाळिंबाच्या बागेतल्या सगळ्या बायका काम टाकून आल्या होत्या. धाकटी मेव्हणी म्हणाली, "चहा टाकते," आणि पदराआड हसत गेली. यंत्र बुडालं नाही. पडतानाच्या त्याच्या एकेचाळीस टकटकी मोबाईलमध्ये नोंदल्या गेल्या होत्या. माझा वेग किती होता ते कळलं नाही, कारण तो ठरवायचा होता म्हणूनच तर मी तिथे गेलो होतो.

या प्रसंगानंतर बायकोने नदीत उतरायला बंदी केली. म्हणून मी पाण्याच्या गुणवत्तेकडे वळलो. तिथे बुडायची सोय नसते असं मला वाटत होतं.

गढूळपणा मोजायचा सेन्सर आला. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की मूळ उपयोग कपडे धुण्याच्या मशीनमध्ये. बायकोने ते वाचलं. "मग मशीनच आणायचं होतं," ती म्हणाली, आणि हा मुद्दा अजून घरात खुला आहे. मग आम्लता मोजायची कांडी आली. तिचं काचेचं टोक नाजूक असतं, म्हणून मी ते महिनाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं. शुद्धाहून शुद्ध पाणी. मग पावसाळ्यात सीनेचं पाणी तपासलं तर आकडा ४.२. जवळपास टोमॅटोच्या रसाइतका. मी ग्रामपंचायतीत जाऊन गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "नदीत आम्ल आहे." अर्ध्या तासात "नदीत तेजाब सोडलं" ही बातमी पेनूरपर्यंत पोचली.

गावात जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला शिकलेल्या बायका आहेत. त्यातली एक, नात्याने माझी चुलत मेव्हणी, किटची पेटी घेऊन आली. नळीत पाणी, चार थेंब, रंगाचा तक्ता. पाणी साडेसात-आठच्या मधे. मग तिने सहज टाकीच्या पाण्याची ओटी, म्हणजे क्लोरीनची तपासणी, केली, पिवळा रंग आला, म्हणजे टीसीएल पावडर नीट पडलीय. सगळं मिळून पाच मिनिटं. मग तिने माझी कांडी उजेडात धरली. "भावजी, ही मेलीय. खारट पाण्यात ठेवायची असती." पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, हे मलाही माहीत होतं. ते कांडीच्या खोक्यावरच छापलं होतं, आणि खोक्यात मी बायकोची मोहरी ठेवली होती.

पुलाखालचा डबा मात्र तसाच होता. २०२५ च्या सप्टेंबरात सीना खरोखर आली. लांबोटीच्या पुलापाशी सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला, शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली, मेव्हण्याची बागही. त्यावर मला विनोद सुचत नाही.

पूर मोजायची देवाची यंत्रं आपल्याकडे पुष्कळ आहेत. नाशिककर गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात, कंबरेपर्यंत की छातीपर्यंत. पंढरपुरात पुंडलिकाच्या देवळाकडे बघतात. सांगलीकर आयर्विन पुलाच्या फुटांवर झोपायचं की नाही ते ठरवतात, तिथे चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका. आमच्या सासुरवाडीतही एक मारुती आहे. तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की गाव सोडायचं, हा चुलत सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, नियम. त्या संध्याकाळी आप्पा बॅटरी घेऊन पायऱ्या मोजत होते. पाणी दुसऱ्याच पायरीवर. "अजून येळ हाय," ते म्हणाले आणि परत फिरले. दहा पावलांवर थांबले. तीन वर्षांपूर्वी जीर्णोद्धारात ओटा दोन फुटांनी उंच केला होता, पायऱ्या नव्या होत्या. "आरं, ही तर पाचवी!" तासाभरात गाव शाळेत होतं.

मी मोहोळात मोबाईल हातात धरून जागा होतो. पाणी चढत होतं, डबा बिनचूक सांगत होता: साडेतीन मीटर, चार, साडेचार. मला भरून आलं. मग पाणी डब्याच्या अगदी जवळ आलं. या सेन्सरला वीसएक सेंटीमीटरच्या आतलं काही ऐकू येत नाही, हेही खोक्यावर छापलेलं होतं. प्रतिध्वनी आला नाही तर खाली फार खोल आहे असं समज, हे मात्र मीच त्याला शिकवलं होतं. पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी, पुलाला पाणी टेकत असताना, शाळेत झोपलेल्या अकरा माणसांचे मोबाईल वाजले.

"सीना: पात्र कोरडे आहे."

डब्याचा हा शेवटचा संदेश. चटणीचा वास घेऊन तो खाली भीमेकडे गेला असावा.

दुसरा सेन्सर मी गच्चीवरच्या टाकीवर बसवलाय, नळाचं पाणी भरून वाहू नये म्हणून. त्यात तापमानाचा हिशेब घालायचा राहिलाय. परवा दुपारी मोबाईल वाजला: "टाकी: पाणी वाढत आहे." नळाला तर चार दिवस पाणी नव्हतं. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, ऊन चांगलं पडलंय वाटतं. तेवढ्या कुरडया वर नेऊन वाळत घाला."